नाटकाच्या फोटोंसाठी झेड ८ सारखा मोठा फुल-फ्रेम मिररलेस: कुठे उपयोगी, कुठे अडतो?

नेपथ्य

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी नाटकांचे फोटो काढते आहे. बहुतेक रंगीत तालमींचे, कधी प्रत्यक्ष प्रयोगाचे, अधूनमधून नृत्याचे. कॅमेरा निकॉन डी७५०. सोबत ७०-२०० एफ २.८ (एएफ-एस) आणि एक जुनी ८५ एफ १.८ डी लेन्स. माझं या सामानावर प्रेम आहे हे आधीच सांगते.

मागच्या महिन्यात एका दोनपात्री नाटकाची तालीम होती. दुसऱ्या अंकात बाई पत्र वाचून संपवते, त्याची घडी घालते आणि मग जवळजवळ वीस सेकंद काहीच बोलत नाही. मला तो चेहरा हवा होता. क्वाएट मोड लावून एकच फोटो काढला. त्या शांततेत तो आवाज मलाच दार आपटल्यासारखा वाटला. दिग्दर्शक बोलले काही नाहीत, नुसतं मागे वळून पाहिलं. नटीची लय तुटली होती, ती जागा त्यांनी पुन्हा घेतली. त्या अंकात मी नंतर कॅमेरा उचलला नाही.

तेव्हापासून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचा हे मनात पक्कं झालंय. डोळा निकॉन झेड ८ वर आहे, कारण माझ्या लेन्स अडॅप्टरवर, म्हणजे मधल्या जोडकड्यावर, चालतील. सोनी ए७आर ५ आणि कॅनन आर५ मार्क २ यांच्याबद्दलही वाचते आहे. खर्च मोठा आहे, पुन्हा पुन्हा करता येणार नाही. म्हणून वापरणाऱ्यांना विचारते:

आवाज खरंच शून्य होतो का? एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात असं ऐकलंय, ते कितपत खरं? अंधारात माझ्या डी७५० पेक्षा फोटो स्वच्छ येतील का? आणि ४५ मेगापिक्सेलचं मी करू काय? माझा सगळ्यात मोठा प्रिंट ए३ असतो.

जाहिरातीतली भाषा नको. कुठे अडतो ते मोकळेपणाने सांगा.

खंड्या

मी पक्ष्यांचा माणूस, नाटकाचं मला कळत नाही. पण झेड ८ पहिल्या वर्षापासून वापरतोय म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

फोकस हे या कॅमेऱ्याचं खरं बळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या २.०० फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीने, पक्ष्यांसाठी वेगळी ओळख दिली, तीही फुकट. त्यानंतर फांद्यांमधला डोळा धरण्याचं प्रमाण मला स्पष्ट वाढलेलं दिसलं. रॉमध्ये (सेन्सरवरच्या कच्च्या फाइलमध्ये) सेकंदाला २० फ्रेम, आणि त्यादरम्यान व्ह्यूफाइंडर एकदाही काळा होत नाही. उडणारी घार नजरेतून सुटत नाही ती त्यामुळे.

अडतं कुठे? प्री-रिलीज कॅप्चर, म्हणजे बटण पूर्ण दाबण्याच्या आधीच्या क्षणाचे फोटो, फक्त जेपेगमध्ये मिळतात. खंड्या पक्षी पाण्यात सूर मारतो तो क्षण नेमका हाच, आणि पाण्यावरचे पांढरे थेंब जेपेगमध्ये जळाले की परत आणता येत नाहीत. आर५ मार्क २ हेच रॉमध्ये देतो. मला जर कुणी एक गोष्ट बदलायला सांगितली तर मी ही सांगेन.

दुसरं म्हणजे लेन्स फोकसपासून फार लांब गेलेली असेल तर समोरचा पक्षी कॅमेऱ्याला दिसतच नाही, फोकस मागच्या झाडावर जाऊन बसतो. आधी जवळपासच्या अंतरावर फोकस आणून ठेवायची सवय लावावी लागते. डीएसएलआरवरून (तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यावरून) येणाऱ्याला पहिले पंधरा दिवस याचा फार मनस्ताप होतो. रंगमंचावर अंतरं फार बदलत नाहीत, तेव्हा तुम्हाला हे जाणवणारही नाही कदाचित.

तिसरी घंटा

नेपथ्य ताई, तुमचे ते वीस सेकंद वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी सतरा वर्षं अंधारात बसून फोटो काढतोय, त्यातली शेवटची दोन झेड ८ वर. माझ्यावरही अशी वळून पाहण्याची वेळ आलेली आहे, त्यामुळे तुम्ही कॅमेरा का उचलला नाहीत ते मला कळतं.

आवाज पूर्ण जातो. झेड ८ मध्ये मेकॅनिकल शटर नाहीच. जो आवाज येतो तो स्पीकरमधला असतो, सायलेंट मोड लावला की तोही बंद. आरसा नाही, पडदा नाही, आपटणारं काही नाही. तुमच्या डी७५० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं होतं. इथे झिजायला शटरच नाही.

पण नुसतं ‘सायलेंट शटर आहे’ एवढं वाचून कुठलाही मिररलेस घेऊ नका. आवाज बंद करण्याची सोय आज जवळपास सगळ्यांत आहे. प्रश्न आहे सेन्सर किती वेगाने वाचला जातो याचा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला झेड ८ ला सुमारे १/२७० सेकंद लागतो, म्हणजे ३.७ मिलिसेकंद. ए७आर ५ ला पूर्ण दर्जाचा रॉ वाचायला सुमारे १/१० सेकंद. आता नर्तकीचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरतोय असं धरा. १/१० सेकंदात तो अर्धा मीटर पुढे गेला. ३.७ मिलिसेकंदात दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. ए७आर ५ मध्ये शांतपणे काढलेला तो हात वेलीसारखा वाकडा येईल. तो वाकडेपणा शटर स्पीड वाढवून जात नाही, हे फार जणांना कळत नाही. १/४००० ठेवा, तरी हात वाकडाच, फक्त जास्त रेखीव वाकडा.

हा वेग स्टॅक्ड सेन्सरमुळे येतो. पिक्सेलच्या थराच्या पाठीलाच प्रक्रिया करणारा थर जोडलेला असतो, त्यामुळे माहिती उचलून नेण्याचा वेळ वाचतो. या वेगाची किंमत थोडी मोजावी लागते. कमी आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून) सावल्या फार उचलल्या तर डी८५० सारख्या जुन्या सेन्सरपेक्षा किंचित जास्त दाणे दिसतात. रंगमंचावर आपण आयएसओ ६४ वर कधी जातो? मला दोन वर्षांत एकदाही त्याचा त्रास झाला नाही. पण निसर्गचित्रं काढणाऱ्याने हे ऐकून ठेवावं.

आता तुमचा अंधाराचा प्रश्न. इथे मी तुम्हाला निराश करणार आहे. आयएसओ ६४०० वर काढलेला झेड ८ चा फोटो आणि तुमच्या डी७५० चा फोटो ए३ वर छापून शेजारी ठेवला तर दाण्यांमध्ये डोळ्यात भरेल असा फरक दिसणार नाही. दोन्ही सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचेच, पडणारा प्रकाश तेवढाच. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहिलंत तर ४५ मेगापिक्सेलचा उलट जास्त दाणेदार वाटेल, कारण तुम्ही जास्त जवळून बघताय. ‘अंधारात स्वच्छ फोटो’ या एका कारणासाठी हा खर्च करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

अंधारात सुधारतं ते वेगळं. एक, फोकस. उणे सात ईव्हीपर्यंत, म्हणजे जवळजवळ काळोखात, तो धरतो असं निकॉन सांगते. माझ्या कामात सांगायचं तर निळ्या प्रकाशात विंगेजवळ उभा असलेला नट, ज्याच्यावर माझा जुना कॅमेरा पुढेमागे शोधत राहायचा, त्याचा डोळा आता धरला जातो. डी७५० चे ५१ बिंदू मधल्या भागात गर्दी करून होते. इथे चेहरा चौकटीच्या अगदी कडेला असला तरी चालतो, त्यामुळे आधी फोकस आणि मग चौकट हलवणं बंद झालं. माझ्या फोटोंची मांडणी यामुळे बदलली, हे मी घेताना मुळीच धरलं नव्हतं.

दोन, व्ह्यूफाइंडर. ताई, रंगमंचासाठी मला विचाराल तर शांततेइतकंच हे मोठं आहे. काळा पडदा, मध्ये एक पांढरा झोत, त्यात चेहरा. डीएसएलआरचा मीटर काळ्याला भुलतो आणि चेहरा जळतो. आपण उजेड उणे दीड, उणे दोन असा अंदाजाने कमी करत बसायचो आणि मग मागचा स्क्रीन बघायचो. आता चेहरा जळतोय की नाही ते फोटो काढायच्या आधी डोळ्यासमोर असतं. प्रकाशयोजना बदलली की मी चाक फिरवतो आणि चेहरा परत जागेवर येताना पाहतो.

याच व्ह्यूफाइंडरची तक्रारही आहे. ३६.९ लाख ठिपके, म्हणजे १२८० बाय ९६० पिक्सेल. आर५ मार्क २ मध्ये ५७.६ लाख, ए७आर ५ मध्ये ९४.४ लाख. हाताने फोकस करताना हा फरक जाणवतो. तुमची ८५ डी लेन्स अडॅप्टरवर ऑटोफोकस करणार नाही, कारण तिला बॉडीतली मोटर लागते आणि अडॅप्टरमध्ये ती नाही. ७०-२०० बिनधास्त चालेल. ८५ वर मात्र तुम्हाला रिंग फिरवावी लागेल, आणि तेव्हा या व्ह्यूफाइंडरमध्ये भुवईवर फोकस आहे की पापणीवर ते ठरवायला मोठं करून बघावं लागतं. तोवर भाव निघून गेलेला असतो. ८५ वर तुमचं फार काम असेल तर तिच्या बदलीचा खर्च आताच धरून चला.

फोकसचा एक हट्ट सांगतो. चेहरा ओळखणारा कॅमेरा चेहरा निवडतोही. दोन पात्रं असली की बोलणाऱ्याकडे तो जातो असं नाही, जो जवळ आणि मोठा दिसतो तिकडे ओढला जातो. बहुतेक वेळा मला ऐकणाऱ्याचा चेहरा हवा असतो. आणि पात्राने मुखवटा घातला की कधी मुखवट्याचा डोळा धरतो, कधी काहीच नाही. मी दोन बटणं वेगळी ठेवली आहेत: अंगठ्याखालच्या एकावर चेहऱ्याची ओळख, दुसऱ्यावर एकच छोटा बिंदू, ओळख बंद. हे बसवायला एक पूर्ण तालीम गेली. सुरुवातीलाच करून टाका.

वजन. मिररलेस म्हणजे हलका हे डोक्यातून काढा. झेड ८ बॅटरी आणि कार्डासकट ९१० ग्रॅम, तुमचा डी७५० तसाच धरला तर ८४०. त्यावर अडॅप्टरचे १२५. मान आणि मनगट सुटतील अशी आशा असेल तर या कॅमेऱ्याकडून ती ठेवू नका. ए७आर ५ सव्वासातशे ग्रॅमच्या आत आहे, आर५ मार्क २ साडेसातशेच्या.

बॅटरी हा सगळ्यात मोठा बदल. तुमच्या डी७५० ची ठरलेल्या मोजणीप्रमाणे १२३० फोटोंची होती, याची ३३०-३४० ची. प्रत्यक्षात फोटो त्याच्या कितीतरी पट जास्त निघतात, पण आता हिशेब फोटोंचा राहिला नाही, वेळेचा झाला. कॅमेरा डोळ्याला लावून नुसती वाट बघितली तरी बॅटरी खर्च होते, आणि नाटकात आपलं काम वाट बघण्याचंच. मला एका बॅटरीवर साधारण दोन-अडीच तास मिळतात. पहिल्याच महिन्यात मी एकाच बॅटरीवर तीन अंकी नाटकाला गेलो आणि तिसऱ्या अंकाचा शेवट हातातून गेला. चूक माझी. आता मध्यंतरात, पट्ट्या कितीही दिसत असल्या तरी, बॅटरी बदलतोच. चार्जिंगसाठी वेगळा यूएसबी-सी आहे, पॉवर बँकही चालते.

फायली मोठ्या होतात. लॉसलेस रॉ साधारण ५० एमबी. एका तालमीचे पंधराशे फोटो म्हणजे ७५ जीबी. हाय एफिशियन्सी प्रकार वापरला तर निम्म्याहून खाली येतं आणि मला फरक दिसत नाही, पण तुमचं सॉफ्टवेअर तो प्रकार उघडतं का हे आधी तपासा, काहींना बराच काळ उघडत नव्हता. कार्डाचे खण दोन, पण वेगवेगळे: एक सीएफएक्सप्रेस बी, एक एसडी. दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावलं की वेग एसडीचा होतो. सेकंदाला २० फोटो गुणिले ५० एमबी म्हणजे एक जीबी, आणि एसडी यूएचएस-२ ची कागदावरची कमाल मर्यादा ३१२ एमबी. नाटकात मी एकेकच फोटो काढतो म्हणून चालतं. नृत्यात थांबावं लागतं.

४५ मेगापिक्सेलचं काय करायचं? ए३ ला ३०० डीपीआयने १७.४ मेगापिक्सेल पुरतात, तेव्हा छपाईसाठी तुम्हाला गरज नाही हे तुमचं बरोबर आहे. मला त्याचा उपयोग कापण्यासाठी होतो. माझी जागा ठरलेली असते, उठून पुढे जाता येत नाही. २०० मिलिमीटरवर कंबरेपर्यंत आलेल्या नटाचा छातीपर्यंतचा भाग कापून घेतला तरी ए३ निघतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसत असाल तर हे गैरलागू.

बाकी धूळ. लेन्स काढली की सेन्सर उघडा असतो. झेड ८ मध्ये बंद केल्यावर पुढे येणारी झडप आहे, मेनूमध्ये ती चालू आहे का बघून घ्या, आणि तिला बोट लावू नका. फ्लॅशचं मी लिहीत नाही, तुम्ही वापरत नसाल.

एलईडीचं मुद्दाम ठेवलं आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल. आधी सांगा, तुम्ही साधारण कुठल्या शटर स्पीडवर असता?

नेपथ्य

तिसरी घंटा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ‘अंधारात फरक नाही’ हे वाचून आधी वाईट वाटलं, मग जुने प्रिंट काढून पाहिले. खरंय, माझी तक्रार दाण्यांची कधीच नव्हती. फोकस चुकलेले आणि चेहरा जळालेले फोटोच मी टाकून दिले आहेत.

मी संवादी नाटकात १/१६० ते १/२५०, नृत्यात १/५०० ते १/८००. आमच्याकडचे दिवे आता जवळजवळ सगळे एलईडी झालेत. निळा आणि जांभळा रंग मंद करून बराच वेळ ठेवतात. डी७५० वर मला कधीकधी फिकट पट्टे दिसतात, पण मी ते कपड्याच्या चुण्या समजून सोडून द्यायचे.

तिसरी घंटा

त्या चुण्या नसाव्यात, ताई. आणि तुमच्या या निरीक्षणातच निम्मं उत्तर आहे. पट्टे फक्त इलेक्ट्रॉनिक शटरला येतात हा समज चुकीचा आहे. मेकॅनिकल पडद्यालासुद्धा सेन्सरवरून सरकायला तीन-चार मिलिसेकंद लागतातच. झेड ८ चा वाचनाचा वेळ जवळपास तितकाच, म्हणून पट्टेही जवळपास तितकेच. हळू वाचणाऱ्या सेन्सरवर मात्र सायलेंटमध्ये काम अवघड आहे. १/१० सेकंदात साधा ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवासुद्धा दहा वेळा कमीजास्त होतो, म्हणजे फोटोवर दहा पट्टे.

एलईडी मंद करतात म्हणजे बहुतेक वेळा तो फार वेगाने चालू-बंद करतात. जितका मंद, तितका बंदचा काळ जास्त, पट्टा तितका गडद. लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या प्रमाणात मंद केलेले असतात, म्हणून पट्ट्यांना रंग येतो. तुमचा मंद जांभळा म्हणजे सगळ्यात वाईट गिऱ्हाईक.

आता हे करून बघा. तालमीआधी रिकाम्या रंगमंचावर तोच जांभळा लावायला सांगा. मागच्या सपाट पडद्याचा आडव्या कॅमेऱ्याने १/२००० ला फोटो काढा. एक गडद आणि एक उजळ मिळून एक, असे वरपासून खालपर्यंत पट्टे मोजा. त्या संख्येला २७० ने गुणा. चार पट्टे आले तर दिवा सेकंदाला सुमारे १०८० वेळा लुकलुकतोय. मग असा शटर स्पीड निवडा की त्यात पूर्ण लुकलुकी बसतील: १/५४० मध्ये दोन, १/२७० मध्ये चार. १/६४० वर १.७ बसते, अर्धवट राहते, आणि पट्टा तिथे पडतो. १/१२५ वर साडेआठच्या पुढे बसतात. अर्धवट तिथेही आहे, पण इतक्यांत तिचा हिस्सा छोटा, डोळ्याला दिसत नाही. म्हणून संवादी नाटकात तुम्ही बहुतेक सुखरूप आहात. अडचण नृत्यात आहे.

झेड ८ मध्ये यासाठी हाय फ्रीक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन नावाची सोय आहे. नाव फसवं आहे, ती स्वतःहून काही कमी करत नाही. शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी बदलू देते, बस. तुम्ही पट्ट्यांकडे बघत चाक फिरवायचं आणि ते विरले की थांबायचं. दोन प्रकारचे दिवे एकत्र लावले की दोघांना मानवेल असा आकडा कधी सापडतो, कधी नाही. नाही सापडला तर मी शटर १/१२५ च्या आसपास आणतो आणि नाचाची गती जिथे क्षणभर थांबते तिथे बटण दाबतो. आणि प्रकाशयोजनेच्या माणसाशी आधी बोलून ठेवा. बऱ्याच रंगमंचीय दिव्यांच्या मेनूमध्ये लुकलुकण्याचा वेग वाढवता येतो. मला दोनदा नुसत्या विनंतीवर तो वाढवून मिळाला आहे.

चौकटीतले पट्टे मुळातच नको असतील तर ग्लोबल शटर, म्हणजे सोनी ए९ मार्क ३. सगळा सेन्सर एका क्षणी वाचला जातो. पण २४.६ मेगापिक्सेल, सगळ्यात कमी आयएसओ २५०, आणि पट्ट्यांऐवजी लागोपाठच्या फोटोंचा उजेड कमीजास्त होऊ शकतो. दिवा लुकलुकायचा थांबत नाही ना.

स्थिरचित्र

मी ए७आर ५ वापरतो म्हणून दुसरी बाजू मांडतो. तिसरी घंटा यांनी वाचनाच्या वेगाचं लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण त्यावरून हा कॅमेरा कमी दर्जाचा असं कुणी समजू नये. मी चित्रांच्या आणि हस्तलिखितांच्या प्रती काढतो. माझं समोरचं हलत नाही. ६१ मेगापिक्सेल, आणि पिक्सेल शिफ्टने १६ फोटो जोडून सुमारे २४० मेगापिक्सेलची फाइल निघते. कॅनव्हासचा विणकामाचा दोरा मोजता येतो. तो ९४.४ लाख ठिपक्यांचा व्ह्यूफाइंडर आणि चारही बाजूंनी वळणारा स्क्रीन यांच्यामुळे माझी पाठ वाचली आहे. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून असतो, स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतो.

त्रास म्हणाल तर पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे आहेत, एफ ११ च्या पुढे गेलं की बारकावे मऊ पडायला लागतात. पुस्तकाची फुगलेली घडी पूर्ण फोकसमध्ये आणायला मला एफ १६ हवा असतो आणि तो वापरवत नाही. लेन्सही चांगलीच लागते, साधी लेन्स लगेच उघडी पडते.

नेपथ्य, तुमच्या कामाला हा नको. यात मेकॅनिकल शटर आहे, पण मग तुमचं ते वीस सेकंदांचं दुखणं तसंच राहील. आर५ मार्क २ मात्र जरूर हातात घेऊन बघा. स्टॅक्ड सेन्सर, वजन कमी, आणि गरज पडली तर मेकॅनिकल शटरही. फक्त तुमच्या लेन्स त्यावर चालणार नाहीत.

नेपथ्य

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, कारण करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं. एका मैत्रिणीचा झेड ८ आणि अडॅप्टर चार दिवसांसाठी मिळाला. आर५ मार्क २ पाच मिनिटं हातात घेतला, हलका आणि छान वाटला, पण ७०-२०० सोडायची माझी तयारी नाही.

जांभळा लावून पडदा काढला. साडेचार पट्टे आले, म्हणजे साधारण १२००. १/४०० ला तीन लुकलुकी पूर्ण बसतात असा हिशेब केला, चाक थोडं फिरवलं आणि पडदा सपाट झाला. मला हे होताना बघून फार आनंद झाला. पण बाजूच्या जुन्या दिव्यांची रांग लागली की पांढऱ्या साडीवर पट्टे परत आले, आणि तिथे दोघांना मानवणारा आकडा सापडला नाही. नृत्यात १/४०० ला गिरकीतली बोटं पुसट येतात. एवढं मी चालवून घेईन. तुम्ही सांगितल्याप्रमाणे विनंती केली आहे, पण त्या दिव्यांचा मेनू कुणाला उघडता आलेला नाही.

कॅमेरा माझ्या हाताला जड वाटला. दुसऱ्या दिवशी मनगट दुखत होतं. ८५ चं तर आठव्या फोटोनंतर सोडून दिलं.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आवाज नाही, व्ह्यूफाइंडर काळा होत नाही, त्यामुळे फोटो निघाला की नाही हेच कळेना. मी बटण दाबत राहिले आणि एकाच भावाचे चाळीस फोटो घेऊन बसले. मग मैत्रिणीने मेनूमधून चौकटीच्या कडेला क्षणभर चमकणारी रेष लावून दिली. मागचा स्क्रीन पूर्ण बंद करून फक्त व्ह्यूफाइंडर ठेवायलाही तिनेच शिकवलं, नाहीतर आवाजाऐवजी माझ्या स्क्रीनच्या उजेडाने दिग्दर्शक वळले असते.

त्याच दोनपात्री नाटकाची तालीम होती. पत्राची जागा आली. २०० मिलिमीटर, १/२००, आयएसओ ५०००. ती घडी घालते तिथपासून मान खाली जाते तिथपर्यंत मी अकरा फोटो काढले. सातव्यात तिचा अंगठा घडीवरून परत मागे फिरतोय, जणू ती पत्र पुन्हा उघडणार आहे. इतक्या तालमी पाहिल्या, पण ती हे करते हे मला ठाऊकच नव्हतं. तालमीनंतर दिग्दर्शकांनी विचारलं, आज दुसऱ्या अंकात फोटो काढले नाहीत का?